मामाची जाळी

"ताई, पीआरपी म्हणजे ते केसांचंच ना गं?" शनिवारी सकाळी मामेभावाचा फोन. मला वाटलं, स्वारी टकलाच्या टेन्शनमध्ये. आपल्या ओळखीतले दोघं-तिघं तर लंच अवरमध्ये डोक्यात सुया टोचून घेऊन पुन्हा मीटिंगला हजर असतात. पण प्रश्न मामाच्या पोटाचा निघाला.

मग काय, मानखुर्दला उतरले, बस पकडली आणि थेट ट्रॉम्बे.

मामा आयुष्यभर टेम्पोवर. सिरिंज, गॉज, टाक्यांचे धागे अशी खोकी तो इथल्या आयसोमेड प्लँटला पोचवायचा. 1974 मध्ये सुरू झालेला हा प्लँट. कोबाल्ट-60 चे गॅमा किरण सीलबंद खोक्याच्या आरपार जातात आणि आतले जंतू मारतात. उष्णता नाही, खोकं फोडायचं नाही. मामा हे असं सांगतो, जणू किरण त्यानेच सोडलेत!

काही वर्षांपूर्वी त्याचं पोटाचं ऑपरेशन झालं. पुढे त्या जुन्या टाक्यांतूनच हर्निया आला. प्लास्टिकची जाळी बसवली, तिथे इन्फेक्शन झालं, जाळी काढली. आता पुन्हा मोसंब्याएवढा फुगवटा. यावेळी एका हॉस्पिटलने पॅकेज दिलंय : बायोलॉजिकल जाळी, वर मामाच्याच रक्तातलं पीआरपी. आकडा ऐकून मामी एफडी मोडायला निघालेली.

तर बायोलॉजिकल जाळी म्हणजे बहुतेक वेळा डुकराची कातडी. (मामीला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. प्लीज, तुम्हीही नको.) त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढतात, उरतो कोलॅजनचा सांगाडा. पोटात बसवल्यावर आपल्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्यात शिरायच्या आणि हळूहळू तिथे स्वतःचं मांस-कातडं उभं राहायचं. आयडिया झकास. घोळ एवढाच की पेशी वेळेत आल्या नाहीत, तर सांगाडा विरतो, ताणला जातो आणि हर्निया परत हजर.

इथे रक्त कामाला येतं. पेशंटचं थोडं रक्त काढून मशीनमध्ये गरागरा फिरवायचं. लाल पेशी तळाला, प्लेटलेट्स वेगळ्या. जखम झाली की याच प्लेटलेट्स आपल्या पिशव्या फोडून ग्रोथ फॅक्टर सोडतात. कुणी दुरुस्तीच्या पेशींना हाक मारतं, कुणी नव्या रक्तवाहिन्यांना. हाच द्रव जेलसारखा करून जाळीवर लावायचा. जाळी आधीच कधीतरी निर्जंतुक होऊन पाकिटात बंद झालेली, जेल मात्र ऑपरेशनच्या टेबलाशेजारी ताजं केलेलं.

2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे करून पाहिलं. पीआरपी लावलेल्या जाळीत हर्निया कमी वेळा परतला. फक्त पेशंट होते उंदीर.

माणसांचा हिशोब बघा. जंतूंचा धोका असलेल्या पोटाच्या हर्नियातच बायोलॉजिकल जाळी हवी, असं बरीच वर्षं मानत. 2022 मध्ये तिथल्याच 253 पेशंटांची ट्रायल छापून आली. दोन वर्षांत हर्निया परतला साध्या सिंथेटिक जाळीत 5.6 टक्क्यांना आणि बायोलॉजिकलमध्ये 20.5 टक्क्यांना. किंमत? एक 105 डॉलर, दुसरी 21,539! त्या ट्रायलमध्ये पीआरपी नव्हतं, हे खरं. पण म्हणूनच मला विचारावंसं वाटतं : महाग जाळीचा कमकुवतपणा झाकायला आणखी एक महाग गोष्ट का विकताय?

आणि जाळी महागच हवी असंही नाही बरं का! धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी चक्क मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला वापरलं. 2003 मध्ये त्यांनी अशा 359 ऑपरेशनांचे निकाल छापले. पुढे युगांडात जांघेच्या हर्नियावर तशाच कापडाची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली आणि 2016 मध्ये निकाल आला : एका वर्षात जवळपास बरोबरी. मामाचं पोट वेगळं, गुंतागुंतीचं, ते सर्जननेच ठरवावं. पण विचारायला काय जातंय?

भावाने वहीत दोन प्रश्न लिहून घेतलेत. या जाळीवर पीआरपी लावलेल्या किती माणसांचे किती वर्षांचे निकाल तुमच्याकडे आहेत? आणि साधी जाळी मला का चालणार नाही?

गुरुवारची अपॉइंटमेंट आहे. मामी तूर्तास बँकेत गेलेली नाही. मामाला मात्र वेगळीच चिंता : "ती जाळी आपल्या आयसोमेडमधून आली असेल का गं?"