अनुबोधपटाचा धनी कोण?

चित्रपटगृहातले दिवे मालवले, की मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट लागत असे आणि तेवढ्यात पुष्कळसे प्रेक्षक चहा उरकून घेत. १९४८ साली स्थापन झालेल्या आणि २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आलेल्या या संस्थेने काही उत्तम अनुबोधपट दिले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तेथे निर्माता सरकार आणि वितरकही सरकारच! पडद्यावर काय ठेवायचे आणि काय कापायचे, हा अखेरचा शब्द दिग्दर्शकाचा नव्हता.

आनंद पटवर्धन यांची पन्नास वर्षांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. १९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाशांच्या आंदोलनाचे चित्रण त्यांनी सुपर-८ या हौशी लोकांच्या कॅमेऱ्याने केले. पुढे ते पडद्यावर दाखवून १६ मिलिमीटरच्या फिल्मवर पुन्हा टिपले. पदरी भांडवल नसलेल्या माणसाची ही युक्ती होती. मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरील 'हमारा शहर' (१९८५), अयोध्येच्या वादावरील 'राम के नाम' (१९९२) हे पुढचे अनुबोधपटही त्यांनी स्वतःच निर्माता होऊन काढले.

निर्माता म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर गाडी आणि बंगला येतो. येथे मालकीचा अर्थ निराळा आहे. आपली कृती जशीच्या तशी दाखवली जावी, यासाठी न्यायालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार म्हणजे ही मालकी. पटवर्धनांनी तो अधिकार पुनःपुन्हा बजावला. अण्वस्त्रस्पर्धेवरील 'जंग और अमन' (२००२) या चित्रपटातून सेन्सॉर मंडळाला अनेक दृश्ये वगळून हवी होती. ते नमले नाहीत, आणि २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो एकही काटछाट न होता प्रमाणित झाला. पगारी दिग्दर्शकाला हे कसे साधले असते?

मात्र या अधिकाराची किंमत काळात मोजावी लागते. 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५ साली पूर्ण झाला व त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरीही दूरदर्शन तो दाखवावयास तयार नव्हते. दुसऱ्या भागाला 'केवळ प्रौढांसाठी' असे प्रमाणपत्र आहे, अशी एक सबब होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि प्रक्षेपणाचा आदेश मिळाला तो २००६ साली. चित्रपट तयार झाला तेव्हा पहिलीत असलेले मूल तोवर अकरावी-बारावीत पोचले होते. ज्या सरकारने पुरस्कार दिला, त्याच सरकारच्या खर्चाने चालणारे दूरदर्शन वकील लावून त्या कृतीला विरोध करते, ही विसंगती कोणाला खटकली नसावी काय?

या चित्रपटांवर आक्षेप घेता येत नाहीत, असे मुळीच नव्हे. पटवर्धन तटस्थ नाहीत आणि तसा आवही आणत नाहीत. कधी कधी प्रतिपक्षाच्या तोंडी आधीच हास्यास्पद ठरलेली वाक्ये तेवढी उरतात, असे प्रस्तुत लेखकालाही वाटते. पण त्याला उत्तर दुसऱ्या चित्रपटाने द्यावे, कात्रीने नव्हे.

या स्वातंत्र्याचे फळ पाहायचे, तर 'जय भीम कॉम्रेड' पाहावा. 'हमारा शहर'मध्ये गायलेले शाहीर विलास घोगरे यांनी जुलै १९९७ मध्ये, घाटकोपरच्या रमाबाई नगरातील गोळीबारात दहाजण ठार झाल्यानंतर चार दिवसांनी, आत्महत्या केली. तेथपासून पटवर्धन चित्रण करीत राहिले आणि चित्रपट पुरा झाला २०११ साली. चौदा वर्षे! एवढा धीर कोणत्या सरकारी खात्याच्या अंदाजपत्रकात बसला असता? वस्त्यांतली शाहिरी आणि जलसे त्यात जसे टिपले आहेत, तसे आपल्या मराठी चित्रपटसृष्टीने क्वचितच टिपले असतील.

आज असे चित्रपट इंटरनेटवर मिळतात, मग दूरदर्शन हवेच कशाला, असे कोणी विचारील. पण ज्याला नाव ठाऊक आहे, तोच ते तेथे शोधतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला प्रत्येक अनुबोधपट वर्षाच्या आत, ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी दूरदर्शनने दाखवावा, असा साधा नियम करता येईल. आणि महाविद्यालयांनी त्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. स्नेहसंमेलनाच्या खर्चातून थोडे बाजूला काढून एखादा अनुबोधपट दाखवावा, आणि जमल्यास तो काढणाऱ्यालाच बोलवावे. मुले प्रश्न विचारतील, कदाचित भांडतीलही.