डोळा जागा करताना माणूस जपा

बागायतदार बंधूंनो, ऑक्टोबर छाटणीची कात्री चालली की काडीला पेस्ट लावायची एकच गडबड उडते. नाशिक असो, सांगली असो की सोलापूर; हायड्रोजन सायनामाईड लावल्याशिवाय डोळे एकसारखे फुटत नाहीत, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. पण हे औषध डोळ्यात नेमके करते काय, ते एकदा समजून घ्या. कारण मजुराच्या अंगातही ते तसलाच उद्योग करते.

थंड मुलखात हिवाळ्यात द्राक्षाची पाने गळतात अन् डोळा झोपी जातो. त्या डोळ्यात कॅटालेज नावाचे प्रथिन असते. पेशीत तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साईड मोडणे हे त्याचे काम. थंडी लांबली की या प्रथिनाचा जोर ओसरतो, पेरॉक्साईड साठते आणि त्या ताणाने डोळ्याची झोप मोडू लागते. आपल्याकडे तेवढी थंडी कुठली? म्हणून शेंड्याचे डोळे पळतात, खालचे तसेच राहतात. सायनामाईड कॅटालेजला दाबून धरते. थंडीचे काम बाटली करते, एवढाच त्याचा अर्थ.

आता माणसाचे पाहा. दारू पोटात गेली की यकृतात तिचे ॲसिटाल्डिहाईड हे विष बनते. ते मोडणारे प्रथिन वेगळे, पण सायनामाईड त्यालाही अडवते. मग विष रक्तात साठते. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. दारू सोडवायच्या औषधातही हे रसायन वापरले गेले आहे, ते याचमुळे. दिवसभर उघड्या हाताने पेस्ट लावून संध्याकाळी घोटभर घेणारा गडी घेरी येऊन पडला, की लोक म्हणतात, ‘आज जास्त झाली.’ जास्त झालेली नसते हो! शिवाय न पिणारा सुटतो असेही नाही. हे औषध कातडी भाजते, डोळ्यांना इजा करते. युरोपीय संघाने २००८ मध्ये त्याला मान्यता नाकारली, ती माणसाच्या जिवाची काळजी म्हणूनच.

आपल्याकडे ते उद्याच बंद होणार नाही, अन् बंद करा म्हटले तर बागा कशा फुटवायच्या, हाही प्रश्न आहेच. पण रबरी हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे यांना किती खर्च येतो? एकरी औषधाच्या खर्चापुढे तो काहीच नाही. काम उक्ते दिले म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. टोळीला आधीच बजावा: आदल्या दिवसापासून, काम संपल्यावरही आठवडाभर, दारूला शिवायचे नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी खात्याच्या मंडळींनो, छाटणीआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आरोग्य उपकेंद्राला पेस्टिंगचे दिवस कळवा. दवाखान्यात नेताना औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या, हे घरोघरी सांगा. डॉक्टरला कारण कळले तर इलाज वेळेवर होतो.