बत्तीशीचा ईएमआय

मंडळी, आज एक साधा प्रश्न. तुमच्या बाबांना अख्खा पेरू दाताने तोडून खाताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? आठवत नाही ना? डोन्ट वरी, मलाही आठवत नव्हतं.

मागच्या वर्षीच्या दिवाळीतली गोष्ट. फराळाचं ताट समोर, टीव्हीवर काहीतरी चाललेलं, आणि बाबा चकली चहात बुडवून खात होते. मी म्हटलं, ‘‘बाबा, चकली काय बिस्कीट आहे का?’’ तर म्हणाले, ‘‘मला अशीच आवडते.’’ आतून आईचा आवाज आला, ‘‘आवडते कसली! चावता येत नाही, हे सांगा की तिला!’’

बाबा ५९ वर्षांचे. रिटायरमेंटला एक वर्ष बाकी. दहा-बारा वर्षांचा डायबेटिस आणि त्याहून जुनी सिगारेट. दिवसाला सात-आठ. वरचे आठच दात उरलेले आणि तेही हलणारे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. एकाच घरात राहून! मी रोज दुसऱ्यांच्या लाइफस्टाइलवर कॉलम लिहिते, बोला आता.

दादाला बंगळुरूला फोन लावला. तो आयटीवाला, त्याच्याकडे प्रत्येक प्रॉब्लेमचं सोल्यूशन असतं. ‘‘अगं, फुल माउथ इम्प्लान्ट करून टाकू. सगळे दात काढायचे, नवे फिक्स बसवायचे. विषय संपला.’’ पुढच्याच शनिवारी आम्ही एका चकाचक क्लिनिकमध्ये. लेदरचा सोफा, कॉफी मशीन, भिंतीवर हसणारी गोरी माणसं. एक्स-रे झाला, दहा मिनिटांत निकाल. वरचे-खालचे सगळे दात काढा, सात दिवसांत नवी बत्तीशी. दोन्ही जबड्यांचे नऊ लाख. ईएमआयची सोय आहे. आजच बुकिंग केलंत तर डिस्काउंट!

दात काढायला डिस्काउंट? इथे माझी ट्यूब पेटली. बाबांची शुगर किती, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. सिगारेटचं तर नावच नाही.

मग एका मैत्रिणीने सुचवलं, की आधी पेरिओडॉन्टिस्टला दाखव. म्हणजे हिरड्यांचे डॉक्टर. असा वेगळा डॉक्टर असतो, हेच मला माहीत नव्हतं. या मॅडमचं क्लिनिक जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पण त्यांनी पाऊण तास घेतला. बारीक खुणा असलेली एक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत घालून त्या आकडे सांगत होत्या आणि असिस्टंट लिहून घेत होती. ‘‘सात, सहा, आठ...’’ हे मिलिमीटर. दात आणि हिरडी यांच्यामधली फट साधारण एक ते तीन मिलिमीटर असली तर ठीक. त्यापुढे गेली की तिथे जंतूंचा अड्डा, आणि ब्रश तिथवर पोहोचत नाही. आत आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. याचं नाव पेरिओडॉन्टायटिस. आपल्याकडे त्याला पायोरिया म्हणतात.

बाबा म्हणाले, ‘‘पण डॉक्टर, माझ्या हिरड्यांतून कधी रक्तबिक्त येत नाही हो.’’ अगदी अभिमानाने. मॅडम हसल्या. ‘‘काका, सिगारेट पिणाऱ्यांचं असंच होतं. निकोटिनने हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्त कमी येतं. रोग मात्र आत वाढत असतो. धोक्याची घंटाच बंद करून ठेवलीत तुम्ही!’’

बाबा गप्प.

मी माझा लाखमोलाचा प्रश्न टाकला. ‘‘सगळे दातच काढले तर हिरड्यांचा रोगही संपेल ना? मग इम्प्लान्टला काय अडचण?’’

लॉजिकल वाटतं की नाही? पण इथेच सगळा घोळ आहे. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते.

इम्प्लान्ट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. तो हाडात बसवतात आणि हाड त्याला घट्ट धरून वाढतं. हा शोध स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रानेमार्क यांचा. १९५२ मध्ये ते सशाच्या पायाच्या हाडावर प्रयोग करत होते. काम झाल्यावर आत बसवलेलं टायटॅनियमचं यंत्र काढायला गेले, तर ते निघेचना. हाड आणि धातू एकजीव! १९६५ मध्ये गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लान्ट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते इम्प्लान्ट त्यांच्या तोंडात काम करत होते. चाळीस वर्षं! पुढे नव्वदच्या दशकात लिस्बनच्या डॉ. पाउलो मालो यांनी एका जबड्यासाठी फक्त चार इम्प्लान्ट वापरायची पद्धत आणली. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरके, आणि त्यावर अख्खी दातांची कमान. हीच ती फेमस ‘ऑल-ऑन-फोर’. मागचे इम्प्लान्ट तिरके घातले की वरचं सायनस आणि खालची नस टाळता येते, आणि हाड कमी असलं तरी बऱ्याचदा काम भागतं.

म्हणजे टेक्नॉलॉजी सॉलिड आहे. मग लोचा कुठे?

लोचा असा, की इम्प्लान्ट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड आपलंच असतं. आपल्या दाताला हिरडीचे तंतू आडवे येऊन घट्ट चिकटलेले असतात. इम्प्लान्टभोवती ते नुसते शेजारून जातात. त्यामुळे जंतूंना आत शिरणं तिथे जास्त सोपं. त्याने होतो पेरिइम्प्लान्टायटिस, म्हणजे इम्प्लान्टचा पायोरियाच म्हणा. हाड झिजतं, पू येतो आणि शेवटी इम्प्लान्ट हलायला लागतो. ज्यांचे दात हिरड्यांच्या रोगाने गेले, त्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त. कारण दात काढले तरी जंतू जिभेवर, घशात तळ ठोकून असतातच. आणि तुमच्या शरीराची त्या जंतूंशी भांडायची पद्धत, तुमची शुगर, तुमची सिगारेट, तुमचा आळशी ब्रश... यांपैकी काहीही दातांबरोबर कचऱ्याच्या डब्यात जात नाही!

मॅडमचं एक वाक्य मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय. ‘‘ज्या सवयींनी दात गेले, त्याच सवयींच्या हवाली नऊ लाख करणार का?’’

दादाला हे सांगितलं तर तो वैतागला. ‘‘अगं, किती महिने घालवणार? एकदाच उरकून टाक ना. पैसे मी देतोय.’’ मग मीही तापले. ‘‘तू पैसे देतोयस, मी रोज त्यांना चहात पोळी बुडवताना बघतेय.’’ आमचं सॉलिड वाजलं. आतल्या खोलीत बाबा ऐकत होते. बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘माझ्या तोंडात काय बसवायचं ते मी ठरवतो. आधी मला सिगारेट सोडून बघू दे. नाही जमलं तर कवळी आहेच.’’

बॉस, त्या एका वाक्यासाठी तो माणूस पुढचे सहा महिने स्वतःशी भांडला. पहिले पंधरा दिवस घरात कर्फ्यू. कोणी बोलायचं नाही, कुकरची शिट्टीसुद्धा हळू. १८००-११-२३५६ या सरकारी टोल-फ्री क्विटलाइनवर त्यांनी स्वतः फोन केला. तिथल्या मुलीशी ते जितकं बोलले, तितकं माझ्याशी अख्ख्या वर्षात बोलले नसतील. दोनदा गाडी घसरली. एकदा तर मीच त्यांना सोसायटीच्या पार्किंगमध्ये पकडलं. काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बंद.

दुसरीकडे मॅडमचं काम सुरू होतं. खालचे तेरा दात होते. त्यातले दोन काढले आणि अकरा वाचवले. हो, जे अकरा दात चकाचक क्लिनिक उपटून टाकणार होतं तेच! हिरडीखालची सफाई, मुळं घासून गुळगुळीत करणं, दोन ठिकाणी छोटी सर्जरी. कारण खालच्या फटींमध्ये जंतूंचा अड्डा तसाच ठेवला, तर वरच्या नव्या इम्प्लान्टला तिथूनच रसद पुरवठा. वरचे आठ दात वाचण्यापलीकडे होते. ते काढले आणि हाड भरून यायला वेळ दिला, तोवर काढता-घालता येणारी कवळी. काही पेशंटमध्ये दात काढून त्याच दिवशी इम्प्लान्टही बसवतात. पण बाबांचं इन्फेक्शन आणि शुगर बघून मॅडमनी थांबायचं ठरवलं. डायबेटिसच्या डॉक्टरांनी औषधं बदलली. सिगारेटऐवजी बाबा संध्याकाळी चालायला लागले. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं एचबीएवनसी ९.४ वरून ७.१ वर आलं. गंमत म्हणजे हे दुहेरी नातं आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर आटोक्यात येऊ देत नाहीत.

मग जूनमध्ये थ्री-डी स्कॅन आणि वरच्या जबड्यात चार इम्प्लान्ट. तीन दिवसांत तात्पुरते फिक्स दात. म्हणजे ‘सात दिवसांत नवी बत्तीशी’ ही जाहिरात अगदीच खोटी नाही बरं का! फक्त ते तात्पुरते असतात, हे बारीक अक्षरांत असतं. हाड स्क्रूला धरेपर्यंत पुढचे काही महिने मऊ खाणं. खिचडी, उपमा, शिरा. पक्की कमान ऑक्टोबरमध्ये बसली. एका जबड्याचे साडेतीन लाख, हिरड्यांच्या ट्रीटमेंटचे वेगळे. इन्शुरन्सने हात वर केले. अपघात असल्याशिवाय दातांचा खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाही. निम्मे दादाने दिले, निम्मे बाबांनी. मी फ्रीलान्सर, मी रिक्षाचे दिले.

आता तुमच्या कामाचं. घरात कोणाचं इम्प्लान्टचं चाललं असेल, तर हे प्रश्न डॉक्टरांना विचाराच. हिरडीभोवतीची फट मोजली का? कोणते दात वाचू शकतात? आधी हिरड्यांवर काय उपचार करणार? शुगर किती असायला हवी? दात बसल्यावर सफाईसाठी दर किती महिन्यांनी यायचं, आणि त्याचे किती? शेवटच्या प्रश्नाला ‘काही गरज नाही’ असं उत्तर आलं, तर सरळ चपला घाला. बाबांना दर तीन महिन्यांनी जायचंय, कायमचं. रोज रात्री कमानीखाली बारीक ब्रश फिरवायचा, पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचं. पूर्वी त्या वेळेला ते सिगारेट ओढायचे. आता बेसिनसमोर दहा मिनिटं उभे असतात.

आणि हो, एक राहिलंच. पहिल्या दिवशी बाबांचं झाल्यावर मॅडमनी मला खुर्चीत बसवलं. ‘‘तुझ्या ब्रशला रक्त लागतं का गं?’’ मी म्हटलं, ‘‘कधीतरी. सगळ्यांनाच लागतं की.’’ माझे आकडे निघाले चार, चार, पाच. वय २८! रात्री डेडलाइन, मग कॉफी, मग ब्रश न करता झोप. हे तुमचंही असंच असणार. बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसतं, आपण नळ सोडतो आणि ऑफिसला पळतो. या स्टेजला सफाईचा खर्च एखाद्या वीकेन्डच्या पार्टीइतका. तीस वर्षांनी तोच साडेतीन लाख.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं आजी म्हणायची. आपल्या पिढीकडे तूर्त दोन्ही आहेत. जपा.

परवा दिवाळीचा पहिला घाणा निघाला. बाबांनी चकली उचलली, सवयीने चहाच्या कपापर्यंत नेली आणि थांबले. मग तशीच तोंडात घातली. कुर्रर्र आवाज आला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘हळू हो, तीन महिन्यांनी डॉक्टरांना तोंड दाखवायचंय!’’