वासाचा सापळा आणि आपला उकिरडा



कपाशीतला कामगंध सापळा आता बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने तो धडा सगळ्यांना दिला. मादीच्या वासाला भुलून नर पतंग सापळ्यात पडतो. हीच विद्या गोठ्यातल्या चावऱ्या माशीवर चालेल का, हे विचारायची वेळ आली आहे.

ही वेळ लम्पीने आणली. २०२२ साली राज्यभर जनावरांना गाठी आल्या, जनावरांचे बाजार बंद पडले. मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत शासनाने जाहीर केली. २५ हजारांत कामाचा बैल येतो का? बैलगाडी घेऊन ऊसतोडीला निघालेल्याचा बैल गेला, तर उचल डोक्यावर तशीच राहते.

लम्पी आणि सर्रा, दोन्ही रोग पसरवण्यात चावऱ्या माशीचा हात आहे. तिचा चावा दुखतो. जनावर शेपटी मारते, माशी अर्धपोटी उडते आणि शेजारच्या जनावरावर बसते. रक्ताने माखलेल्या सोंडेसोबत रोगही जातो. लम्पीसाठी लस आहे, ती टोचून घ्याच. पण माशी कमी झाली नाही तर पुढचा रोग याच वाटेने येईल.

आफ्रिकेत झिंबाब्वे देशात त्सेत्से माशीने गुरे मरत होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात बैल जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवले आणि त्यांचा वास तेवढा नळीने वर सोडला. बैल दिसत नसतानाही माशा तिथे जमल्या. पुढे त्या वासातली नेमकी द्रव्ये सापडली. श्वासातली काही होती, काही गोमूत्रातली. औषध लावलेले कापड आणि त्याशेजारी वासाची बाटली, अशी चौरस किलोमीटरला चारच ठिकाणी मांडणी करून मोठमोठ्या मुलखात माशी आटोक्यात आणली. केनियात मसाई गुराख्यांनी गोमूत्र ठेवून कापडी सापळे चालवले.

मग आपणही बाटल्या आणून टांगाव्यात का? इथे थांबून विचार करा. त्सेत्से माशी एका वेळी एकच अळी घालते, तीही नऊ-दहा दिवसांनी. रोज थोड्या माद्या मेल्या तरी तिचा वंश खुंटतो. आपल्या गोठ्यातली माशी शेकडो अंडी घालते आणि उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उडते. सापळ्यात शंभर माशा पडतील आणि उकिरड्यातून हजार निघतील.

म्हणून पहिला सापळा उकिरड्यावर. शेण, मूत आणि कडब्याचे भिजलेले चघळ जिथे एकत्र कुजते, तिथेच ही माशी वाढते. चघळ दावणीखाली साचू देऊ नका. आठवड्याला शेण हलवा. ते पातळ पसरून वाळवा, नाहीतर ढीग करून प्लास्टिकने घट्ट झाका. आतल्या उष्णतेने अळी मरते. याला पैसा लागत नाही, पण साऱ्या गावाने मिळून करावे लागते. शेजाऱ्याचा उकिरडा तुमच्या बैलाला सोडत नाही.

त्यानंतर सापळा. निळ्या-काळ्या कापडाचा, वर जाळी, जवळ शिळ्या गोमूत्राचे भांडे. दावणीपासून दूर, उन्हात, माशांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावावा. गावातला शिंपी तो शिवू शकतो. नुसत्या फवारणीवर विसंबू नका. एकच औषध पुन्हा पुन्हा मारले की कीड त्याला दाद देत नाही, हे कपाशीने आपल्याला भरपूर खर्चात घालून शिकवले आहे.

परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे मागणी एकच. वासाच्या सापळ्याची चाचणी आमच्या गोठ्यात, आमच्या डोळ्यांदेखत घ्या. किती माशा पडल्या, किती उरल्या आणि खर्च किती आला, ते गावासमोर मांडा. आकडा पटला तर आम्ही सापळा लावू. तोवर कुणी महागडी बाटली विकायला आला, तर त्याला आधी हाच हिशेब विचारा.