मराठी पुस्तकावरचा ‘इतर’चा शिक्का पुसा!

ग्रंथालयाच्या सभासदांनो,

जिथे ड्यूई दशांश वर्गीकरण पद्धत चालते, तिथे मर्ढेकरांच्या कवितासंग्रहाच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा : ८९१.४६१. अमेरिकन कवीला ८११, इंग्रज कवीला ८२१. मराठी कवीला मात्र दशांश चिन्हापलीकडे जावं लागतं.

मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. त्या पद्धतीत साहित्याचे ८१० ते ८८९ हे आकडे अमेरिका, पश्चिम युरोप आणि लॅटिन-ग्रीक यांच्याकडे गेले; मराठी, तमिळ, अरबी, चिनी सगळं ‘इतर’ म्हणून ८९० मध्ये कोंबलं (टॉलस्टॉयही तिथेच!). धर्माच्या वर्गात २२० ते २८९ हे सत्तर आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्माला. हिंदू, बौद्ध, जैन, शीख, इस्लाम, ज्यू, पारशी यांनी २९० च्या दहा आकड्यांत दाटीवाटीने राहायचं. याच ड्यूईच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यूंना मज्जाव होता. २०१९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरून त्याचं नाव उतरवलं. आपण त्याचे आकडे अजून निमूटपणे चिकटवतो आहोत.

‘पुस्तक सापडल्याशी कारण, आकड्याचं काय?’ असं म्हणणाऱ्यांनी सांगावं : ज्या ग्रंथालयात बहुतेक साहित्य मराठी, तिथे प्रत्येक चिठ्ठीवर ८९१.४६ लिहून कोणतं पुस्तक वेगळं ओळखता येतं?

गंमत म्हणजे, स्थानिक साहित्याला ८१० हा आकडा देण्याची मुभा ड्यूईच्या तक्त्यांतच आहे. धर्माच्या वर्गातही असा पर्याय आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी तर १९३३ मध्येच ‘कोलन वर्गीकरण’ ही स्वतंत्र पद्धत हाती दिली होती. साधनं होती, इच्छा नव्हती.

आणि सगळा दोष ड्यूईवर ढकलून आपली सुटका नाही. ‘बलुतं’ आणि ‘उचल्या’ ही आत्मकथनं ‘दलित साहित्य’ अशी पाटी लावलेल्या वेगळ्या कपाटात कोणी ठेवली? ती पाटी एखाद्या वाचकाला वाट दाखवते, हे मान्य. पण आत्मचरित्रं चाळणाऱ्याला ही पुस्तकं दिसतच नाहीत. तालिकेत एका पुस्तकाच्या दोन नोंदी करायला कोणाची हरकत आहे?

मागणी लावून धरली, तर असे शिक्के बदलतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘बेकायदा परके’ हे विषयशीर्षक बदलावं, अशी मागणी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये लावून धरली. २०२१ मध्ये ते बदललं गेलं. आपल्याला वॉशिंग्टनला जायचं नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडा : मराठी साहित्याला ८१०, आणि दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त लेखकांच्या प्रत्येक पुस्तकाची नोंद त्याच्या साहित्यप्रकाराखालीही. कार्यकारिणी टाळाटाळ करू लागली, तर ठराव मतदानाला टाका.