अर्धी बांधलेली नौका ठेवायची कुठे? कोल्हापूरकरांसाठी समुद्राआधीचा प्रश्न जागेचा

कोल्हापूर : समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर शिडाची नौका बांधायची, हे ऐकून कुणीही हसेल. पण वेल्डिंग, लेथ, फायबरकाम, सुतारकाम जाणणारे हात शिवाजी उद्यमनगरपासून गोकुळ शिरगावपर्यंत सगळीकडे आहेत. अडते ते जागेवर. अर्धा सांगाडा काही वर्षे कुठे ठेवायचा, हे ठरवल्याशिवाय असे काम हाती घेण्यात अर्थ नाही.

‘म्हादेई’ कुठे बांधली गेली?

शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलातील कमांडर दिलीप दोंदे. ‘सागर परिक्रमे’ची कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. म्हणजे स्वप्न घाटमाथ्यावरचे असू शकते. नौका मात्र बांधली गेली गोव्यात, मांडवीतील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. सुमारे १७ मीटर लांबीची ही ‘म्हादेई’ १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाली आणि मे २०१० मध्ये परतली. तिच्या बांधणीत एक सोय मोठी होती. डोक्यावर छत आणि दारात नदी.

छत एवढे महत्त्वाचे का?

फायबरचा थर बसवताना हवेतील ओल आणि धूळ दोन्ही नुकसान करतात. ओलसर पृष्ठभागावर रेझिन नीट चिकटत नाही, थर पुढे सुटू शकतो. जून ते सप्टेंबर उघड्यावर हे काम होत नाही. ताडपत्री टाकली तर आत वाफ धरते, लाकूड कुजते. शिवाय पॉलिएस्टर रेझिनचा वास उग्र आणि वाफ ज्वलनशील असते. त्यामुळे वस्तीतला बोळ किंवा घराचे पार्किंग ही त्याची जागा नव्हे.

कोल्हापुरात जागा पाहताना काय तपासावे?

पहिली गोष्ट पूररेषा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीने ती कितीतरी ओलांडली. नदीकाठची स्वस्त शेड घेतली, तर नौका पूर्ण होण्याआधीच तरंगायची!

दुसरी गोष्ट दरवाजा. रिकामा सांगाडा आत बसतो, पण केबिन चढल्यावर उंची वाढते. जागा मोजताना पूर्ण झालेल्या नौकेची मापे धरावीत. तिसरी गोष्ट जमीन. नौकेचा भार मधल्या कण्यावर हवा; बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळण्यासाठी. जमीन खचली की सांगाडा वाकतो.

चौथी गोष्ट करार. भाडेकरार सहसा ११ महिन्यांचा होतो, नौकेचे काम मात्र वर्षानुवर्षे चालते. नूतनीकरणाची अट आधीच लिहून घ्यावी. एमआयडीसीतील शेड पोटभाड्याने घेताना महामंडळाची परवानगी आहे का, हेही पाहावे.

घाट कसा उतरायचा?

रस्त्यावरील वाहनाची कमाल रुंदी साधारण २.६ मीटर. नौका त्याहून रुंद असेल, तर जादा आकाराच्या मालासाठी वेगळी परवानगी लागते. त्यात आंबा किंवा गगनबावड्याकडील घाटांतली वळणे. म्हणून कामाचे दोन टप्पे करणे शहाणपणाचे. सांगाडा, लाकूडकाम, वायरिंग कोल्हापुरात. खालचे वजनदार कील, डोलकाठी आणि शिडे किनाऱ्यावर. पहिल्या टप्प्याची जागा घेतानाच दुसऱ्या टप्प्याची जागा किनाऱ्यावर ठरलेली हवी. नाहीतर तयार नौका घाटमाथ्यावरच अडकते.

मार्ग काय?

हा केवळ श्रीमंतांचा छंद म्हणून सोडून देण्याचा विषय नाही. पूर आला की याच जिल्ह्याला बोटी आणि त्या दुरुस्त करणारे हात लागतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे गेली, हे विसरता येत नाही. आयटीआयच्या आवारात एक उंच शेड, महिन्याच्या भाड्याने, सुरक्षेच्या नियमांसह खुली केली, तर हौशी बांधणाऱ्याला छत मिळेल आणि विद्यार्थ्यांना फायबरकाम शिकता येईल. महाराष्ट्र सागरी मंडळानेही लहान बंदरांत अशा नौकांसाठी थोडी जागा राखावी. समुद्र दूर आहे, ही अडचण घाट उतरून सुटते. छत नसण्याची अडचण मात्र कुणीतरी दार उघडल्याशिवाय सुटणार नाही.