मैदानावरचे दोस्त : दहा चेंडूंनंतर

दोस्तांनो, कसोटीत भारताची टोपी मिळावी म्हणून खेळाडू वर्षानुवर्षं घाम गाळतात. ती टोपी मिळाली आणि सगळा खेळ १० चेंडूंतच आटोपला तर?

शार्दूल ठाकूरचं अगदी तसंच झालं. ऑक्टोबर २०१८, हैदराबाद. समोर वेस्ट इंडीज. दहावा चेंडू टाकला आणि जांघेचा स्नायू दुखावला. बिचारा लंगडत तंबूत परतला. त्या सामन्यात पुन्हा गोलंदाजी नाहीच!

पण शार्दूल काही एका दिवसात इथवर आला नव्हता. तो पालघरचा, शेतकऱ्याचा मुलगा. शाळेच्या एका सामन्यात त्याचा खेळ बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेच्या दिनेश लाड सरांनी पाहिला. 'हा मुलगा आमच्या शाळेत हवा,' असं त्यांच्या मनाने घेतलं. वडिलांना मात्र काळजी. दहावीचं वर्ष, रोजचा एवढा लांबचा प्रवास, मग अभ्यास कधी करणार? आई-बाबांनो, तुम्हालाही हेच वाटलं असतं ना? लाड सरांनी त्यावर तोड काढली. शार्दूलला त्यांनी आपल्याच घरी ठेवून घेतलं. पठ्ठ्याने बोरिवलीच्या शाळेकडून एका षटकात सहा षटकार ठोकले!

पुढे मुंबईत खेळायचं म्हणजे पहाटे उठायचं आणि क्रिकेटची बॅग सांभाळत गाडी पकडायची. चर्चगेटची लोकल पालघरमार्गे डहाणूपर्यंत जाऊ लागली तीच मुळी २०१३ साली. २०१२ मध्ये तो मुंबईच्या रणजी संघात आला. पहिल्या मोसमात ४ सामन्यांत फक्त ४ बळी! पण दोनच वर्षांनी, २०१४-१५च्या मोसमात, ४८ बळी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनच्या एकदिवसीय सामन्यात त्याने ४ बळी घेतले. मायदेशी परतल्यावर स्वारी घरी कशी गेली असेल? अंधेरीहून लोकलने! डब्यातली मुलं मोबाईलवर फोटो शोधून 'हा तोच का?' याची खात्री करत होती.

आणि त्यानंतर ते १० चेंडू. पुढच्या कसोटीसाठी त्याला सव्वादोन वर्षं थांबावं लागलं. जानेवारी २०२१, ब्रिस्बेन. बुमरा, शमी, उमेश यादव, सगळे जायबंदी. या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर एकही कसोटी हरली नव्हती. शार्दूलने पहिल्या डावात ३ बळी घेतले. मग भारत ६ बाद १८६ असताना बॅट घेऊन आला आणि कमिन्सला षटकार ठोकूनच खातं उघडलं! त्याच्या ६७ धावा, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी. दुसऱ्या डावात आणखी ४ बळी. भारत ३ गडी राखून जिंकला. पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गला त्याने एका डावात ६१ धावांत ७ बळी टिपले.

संधी हुकली की आपण रुसून बसतो. शार्दूल रुसला असता, तर ब्रिस्बेनला चेंडू कुणाच्या हाती दिला असता?

आता ओळखा पाहू! लाड सरांचा आणखी एक विद्यार्थी ब्रिस्बेनला त्याच संघात सलामीला खेळत होता. कोण बरं तो? उत्तर पुढच्या अंकात!